शाळा गणपतीपर्यंत बंद. दुसरीतला मुलगा, मोठ्या शिशूतली मुलगी. घरी अभ्यास कसा घ्यायचा?

सिडकोची_आई

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. मुलांच्या शाळेचा स्लॅब या पावसात फारच गळायला लागला म्हणून दुरुस्ती काढलीय. गणपतीपर्यंत तरी वर्ग भरणार नाहीत असं पालकसभेत सांगितलं. दुसरीकडे जागा बघतायत म्हणे, पण ते काही खरं दिसत नाही. मुलगा दुसरीत, मुलगी मोठ्या शिशूत, माध्यम मराठी.

रोज सकाळी ग्रुपवर वर्कशीटचे फोटो येतात. मराठीचं एक, गणिताचं एक, इंग्रजीचं एक, शिवाय शुद्धलेखन दहा ओळी. संध्याकाळी सहाच्या आत वह्यांचे फोटो परत टाकायचे. आता घरची परिस्थिती सांगते. मी अंबडला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, घरी यायला चार वाजतात. मिस्टर रिक्षा चालवतात, चांगला फोन त्यांच्याकडे, भाड्यासाठी लागतोच. घरी सासूबाई. त्या निफाडकडच्या, जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या, मुलांवर प्रचंड जीव. पण वर्कशीट बघितलं की म्हणतात, हे तुमचं तुम्ही बघा बाई.

म्हणजे चार ते सहा या दोन तासांत सगळं उरकायचं. मुलगा शुद्धलेखनाच्या चौथ्या ओळीला रडायला लागतो. खोडरबरने घासून घासून पानाला भोक पाडतो. वाचायला बसवलं तर धडा घडाघडा म्हणतो, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प. गणितात हातच्याची बेरीज सुरू झालीय, त्यात हातचा घ्यायचा कधी आणि कशाला, हेच त्याला कळत नाही. मुलीला दादा करतो तेच करायचं असतं, तिची वेगळी रडारड.

रोज किती तास बसवायचं? कोणाच्या घरी असं झालंय का?

नाशिकरोडकर

टाइमटेबल करा. दहा ते अकरा मराठी, अकरा ते बारा गणित, मग सुट्टी, असं शाळेसारखंच. आजी फक्त घड्याळ बघतील. मुलांना शिस्त राहते. नाहीतर सरळ जवळपासचा एखादा क्लास लावून टाका, तुमच्या भागात गल्लोगल्ली आहेत.

पेठरोडच्या बाई

नाशिकरोडकर, राग मानू नका, पण सात वर्षांचं पोर घरी तासभर मराठीला आणि तासभर गणिताला बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, आता निवृत्त. बरीचशी नोकरी पेठ तालुक्यात गेली, दोन शिक्षकी शाळा, दोघांत चार इयत्ता.

ताई, आधी एक हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलेलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. त्याच कायद्यात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. २४० भागिले ३०, एकेका मुलाच्या वाट्याला आली आठ मिनिटं. तीही कागदावर. हजेरी, पोषण आहार, "बाई, यानं माझी पेन्सिल घेतली", वरिष्ठांची माहिती आजच्या आज पाठवा, हे सगळं त्यातूनच वजा. तुम्ही मुलाला शेजारी घेऊन वीस मिनिटं बसलात तर शाळेत एकट्याला मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त त्याला मिळालं. शाळेत मुलं एकमेकांचं बघून, ऐकून खूप शिकतात, ते घरी होणार नाही, हे कबूल. पण म्हणून चार तास बसवून ती भर निघत नाही. वीस मिनिटं वाचन, मध्ये खेळ, मग वीस मिनिटं गणित. दुसरीला एवढं पुष्कळ झालं.

आता वाचन. घडाघडा म्हणतो आणि मधल्या शब्दाला अडतो, याचा अर्थ धडा पाठ झालाय, वाचता येत नाहीये. वर्गात तिसऱ्या बाकावरची निम्मी मुलं अशीच असतात आणि सुरात सूर मिसळल्यामुळे खपून जातात. ओळखायला सोपी युक्ती आहे: ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायला लावा. पाठांतर तिथं चालत नाही. जिथं अडेल तो शब्द कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, रागावू नका, सांगून टाका आणि पुढे चला. चारपाच दिवसांनी तो कागद बघा, नक्की काय अडतंय ते दिसेल. कोणाला भ आणि म, कोणाला ध आणि घ, कोणाची वेलांटीच सुटते. दुसरीत बहुतेकांची गाडी जोडाक्षरात अडते, त्यातही र मध्ये. प्रसाद, सूर्य, ट्रक, पुऱ्या. चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी दिसायला वेगळा. मुलाला हे कोणी उघड करून सांगितलेलंच नसतं. हे चार शब्द चार चिठ्ठ्यांवर लिहा आणि असाच र असलेले आणखी शब्द घरात शोधायला सांगा. मिठाच्या पुडीवर, गॅसच्या कार्डावर, रिक्षाच्या मागे. तुमच्याकडे तर रिक्षाच आहे.

पाठ झालेला धडा बाजूला ठेवा. वाचायला नवीन मजकूर हवा आणि तो फुकट आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत, पण ते थोडं मोठ्या मुलांचं. दुसरीच्या मुलाला स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या मराठी गोष्टी बऱ्या पडतील, एका पानावर एकदोन ओळी आणि मोठं चित्र. रात्री फोन घरी आला की दोन गोष्टी उतरवून घ्या.

आणि सध्या पावसाळा आहे तर नाशिककरांना एक चीज रोज दारात येते: पेपरातला धरणसाठ्याचा तक्ता. मी हा वर्गात वर्षानुवर्षं वापरला. डावीकडे धरणांची नावं, उजवीकडे टक्के. गंगापूर, काश्यपी, गौतमी गोदावरी, दारणा, मुकणे, भावली, वालदेवी, पालखेड, करंजवण, ओझरखेड, चणकापूर, गिरणा. काश्यपीत श्य आहे, चणकापूर म्हणताना जीभ वळवावी लागते, गौतमी गोदावरी एका दमात वाचली की पोरांची छाती फुगते. टक्के दोन आकडी, म्हणजे नेमके दुसरीतले. आज कोणतं धरण सर्वांत भरलं, सर्वांत रिकामं कोणतं? काल गंगापूर समजा ५८ होतं, आज ६३, तर किती वाढलं? एका कागदावर रोज गंगापूरचा एकच आकडा लिहायचा. गंगापूर म्हणजे आपल्या नळाचं पाणी, हे कळलं की मुलं त्या आकड्याची वाट बघतात. विसर्ग सुरू झाला की घरचेही "गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं" हेच बोलत असतात, त्या बोलण्यात तोही येतो. पेपर घेत नसाल तर शेजारचा कालचा मागा, शिळ्या आकड्यानेही बेरीज तीच होते.

हातच्याचं सांगते. वही बंद. खराट्याच्या काड्या घ्या, सारख्या तोडा. दहा मोजायच्या, रबर लावायचं, हा दशक. सुट्या त्या एकक. २७ मांडायला सांगा: दोन गठ्ठे, सात सुट्या. खाली १५: एक गठ्ठा, पाच सुट्या. आता सुट्या एकत्र करायला सांगा आणि तुम्ही हात मागे घ्या. बारा होतात. बारा सुट्या हातात धरवत नाहीत, एक तरी पडतेच. मग आपण काही न सांगता बरीच मुलं स्वतःच रबर मागतात. दहाचा गठ्ठा बांधून तो उचलून गठ्ठ्यांच्या बाजूला ठेवला, तोच हातचा. हे काड्यांनी चारपाच दिवस होऊ द्या, मग दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी, मग वही. बायका उलटं करतात, आधी वहीत "वर एक लिही" सांगतात, आणि पोर जिथं गरज नाही तिथंही वर एक लिहीत सुटतं.

सासूबाईंना वर्कशीट दाखवू नका. त्यांना काम द्या ते ऐकण्याचं. दुपारी त्या भाजी निवडत बसल्या की नातवाने त्यांना गोष्ट वाचून दाखवायची. त्यांनी चुका काढायच्या नाहीत, फक्त "मग पुढं?" विचारायचं. पाढे, उखाणे, म्हणी, गावाकडच्या गोष्टी त्यांच्याकडून. गोष्ट सांगून झाली की मुलाने ती तुम्हाला चार वाजता सांगायची. पेठला आमची मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलायची, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. ज्या घरात आजी गोष्टी सांगायची त्या घरातलं मूल पुस्तकाला लवकर लागायचं, मग गोष्ट कुठल्या का बोलीत असेना. आजी बाराखडी म्हणतील आणि पुस्तकात ॲ आणि ऑ धरून चौदाखडी असेल, त्यावरून घरात वाद नकोत.

मुलीला मोठ्या शिशूत पेन्सिलीची घाई नको. शेंगा फोडणं, वाल सोलणं, मणी ओवणं, कणकेचे साप. बोटांत जोर आला की अक्षर आपोआप येतं. दादाचंच करायचं असेल तर काड्या मोजायचं काम तिला द्या.

फोटोंचं काय? बाईंना सरळ फोन करा. फोन नवऱ्याकडे असतो, रात्री आठनंतरच मिळतो, हे सांगा. रोज चार वर्कशीटऐवजी एक पान आणि मुलाच्या वाचनाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवू का, असं विचारा. रेकॉर्डिंगवरून शिक्षकाला पानभर लेखनापेक्षा जास्त कळतं. त्याही वरून आदेश आला म्हणून फोटो मागत असतील, बोलून बघा. कोरोनात जुलै २०२० मध्ये केंद्राने ऑनलाइन वर्गांसाठी सूचना काढल्या होत्या. शिशूला दिवसाला अर्ध्या तासाहून जास्त नको, पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची फार तर दोन सत्रं. सगळा देश बंद असताना हे पुरेसं धरलं होतं, तर आपल्याला गणपतीपर्यंतच काढायचे आहेत.

गंगापूररोड_७

बाईंचं बरंच पटलं, पण लिखाणाला इतकं कमी लेखू नका. माझी मुलगी २०२० साली पहिलीत होती. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्यात १ डिसेंबर २०२१ उजाडला. तोपर्यंत ती वाचायला छान लागली होती, आम्ही रोज वाचून घ्यायचो. पण तोंडी सगळं, वहीत काही नाही. वर्गात गेल्यावर फळ्यावरच्या पाच ओळी उतरवेपर्यंत बाई फळा पुसायच्या. हात दुखतो म्हणून रडायची. ते पूर्ण वर्ष त्यात गेलं. आणि नुसतं आमच्याच घरी नाही. असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या अहवालात आहे, ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये २०.५ वर आलं. बंद शाळेचा फटका बसतोच. "वीस मिनिटं पुरे" ऐकून पालक तेवढंही करत नाहीत, हेही बघितलंय.

पेठरोडच्या बाई

हाताचं तुमचं बरोबर आहे, लिहिणं रोज हवंच. माझा विरोध दहा ओळी नकलून काढण्याला आहे. पाचव्या ओळीपासून मूल अक्षराकडे बघतच नाही, वरच्या ओळीतली स्वतःची चूक खाली उतरवत जातं. त्यापेक्षा त्याच्या तोंडचं एक वाक्य घ्या. "आज आजीने मला खराटा दिला नाही." हे त्याने बोलायचं, तुम्ही हळूहळू परत म्हणायचं, त्याने लिहायचं. चुकलेला एक शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका वाक्यावरून आठवड्याला एक वाक्य वाढवा. हाताला सवय होते आणि डोकंही चालू राहतं.

असरच्या आकड्याबद्दल मात्र बोलते. पावणेदोन वर्षं आणि दीड महिना यांची तुलना करून ताईंना घाबरवू नका. आमच्या पाड्यांवर त्या काळात रेंज नव्हती, अर्ध्या घरांत साधाच फोन. आम्ही ओट्यावर पाचसहा मुलं लांब लांब बसवून शिकवायचो, आज या पाड्यावर, उद्या त्या. ज्या मुलांना एक दिवसाआड का होईना कोणीतरी समोर बसून ऐकलं, ती टिकली. घरी नुसतीच वर्कशीट पोचली, ती मुलं मागे पडली. कागद आम्ही सायकलवरून, दुधाच्या गाडीतून, मिळेल त्या वाटेने पोचवले होते, पण कागद मुलाचं ऐकत नाही.

सिडकोची_आई

बाई, खूप आभार. वर्गशिक्षिकेशी बोलले. त्या म्हणाल्या, रेकॉर्डिंग चालेल, पण गणिताचं पान मात्र पाठवा, वर दाखवावं लागतं. एवढं जमेल. धरणाचा तक्ता तर घरात गाजतोय. सासूबाईंना दारणा आणि पालखेड जवळचे, त्यांच्या माहेरची शेती कॅनॉलवर. आता आजी-नातू दोघंही सकाळी पेपरासाठी भांडतात, आणि माझे सासरे दारणेच्या पाण्याच्या आवर्तनावरून कोणाशी कसे भांडले होते, तेही रोज ऐकायला मिळतं.

एक अडचण उरली. मुलगा ५२ ला "पन्नास दोन" म्हणतो, वर्गात तसं शिकवलंय. सासूबाई म्हणतात बावन्न म्हण, हे कसलं पन्नास दोन! आणि लिहायला सांगितलं तर बावन्नला कधी कधी २५ लिहितो. कोणाचं ऐकू?

पेठरोडच्या बाई

दोघांचंही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, विषय विधानसभेपर्यंत गेला. त्यामागचं कारण तुमच्या मुलानेच दाखवलंय. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी लिहायचे. कानावर जे आधी पडलं ते तो आधी लिहितो, म्हणून २५. "पन्नास दोन" म्हटलं की ऐकलं तसंच लिहिता येतं. पण बाजारात कोणी पन्नास दोन म्हणत नाही, त्यामुळे बावन्न यायलाच हवं. काड्या मांडायच्या: पाच गठ्ठे, दोन सुट्या. तोंडाने "पन्नास दोन, बावन्न" असं जोडीने म्हणायचं. पुढे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास इथे परत गोंधळ होईल, कारण एकोणतीस ऐकून तो तिसांच्या घरात जाऊन बसतो. तिथं तीस काड्या मांडून एक काढून घ्या आणि आजींना विचारायला सांगा, आता किती? "एकाने कमी तीस" हे आजी बरोबर समजावतील.

नाशिकरोडकर

बाई, राग नाही. टाइमटेबल मागे घेतलं. आमचाही दुसरीतच आहे, शाळा चालू आहे तरी २७ आणि १५ काड्यांवर करून बघितलं. दहावी काडी झाल्यावर त्याने रबर मागितलंच नाही, बारा सुट्या तशाच मुठीत धरून बसला. आता?

पेठरोडच्या बाई

मोठ्या मुठीचा दिसतोय. ४८ आणि ३७ द्या. पंधरा सुट्या होतील.

सिडकोची_आई

बाई, सासूबाई नव्या खराट्याच्या काड्या तोडू देत नाहीयेत. आईस्क्रीमच्या काड्या चालतील का?

पेठरोडच्या बाई

चालतील, पण चपट्या असतात, दहाचा गठ्ठा रबरातून निसटतो. दोन रबरं लावा. नाहीतर जुना खराटा काढा, कोपऱ्यात एखादा असतोच. काडेपेटीतल्या काड्या देऊ नका, बरोबर धाकटी पण आहे.